मराठीत वेबपेज बनवताय? मग कोड एडिटर आधी मराठीसाठी तयार करा

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर नावाचा तालुका आहे. पण तालुक्याचा कारभार चालतो पांढरकवड्यातून. तहसील, बाजार, बसस्थानक सगळं पांढरकवड्यात आणि केळापूर हे जवळचंच गाव, जगदंबेच्या देवस्थानासाठी ओळखलं जाणारं. नागपूर-हैदराबाद महामार्गावरून टिपेश्वर अभयारण्यात वाघ बघायला येणाऱ्या पाहुण्याचा इथेच गोंधळ होतो. उतरायचं कुठे? केळापूरला की पांढरकवड्याला?

असा गोंधळ दूर करणारं एक साधं मराठी वेबपेज तालुक्यातला कुणीही कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी बनवू शकते. त्यासाठी महागडा कोर्स लागत नाही. एक संगणक, एक फुकट मिळणारा कोड एडिटर आणि थोडा वेळ पुरेसा आहे.

यूट्यूबवर एडिटर सेट करण्याचे शेकडो व्हिडिओ आहेत. त्यात डार्क थीम कशी लावायची, आयकॉन रंगीत कसे करायचे, कोणती 'टॉप २०' एक्स्टेन्शन टाकायची हे सगळं असतं. पण तुमचं पेज मराठीत असेल तर काय करायचं, हे बहुतेकांत नसतं. मग पेज तयार होतं, मित्राच्या मोबाइलवर उघडतं आणि तिथे मराठीऐवजी चौकोन तरी दिसतात किंवा भलत्याच चिन्हांची खिचडी. कधी पेज नीट दिसतं, पण त्यात 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द शोधला की सापडतच नाही.

हे का होतं? आणि एडिटर लावतानाच ते कसं टाळायचं? समजून घेऊ.

एडिटर म्हणजे काय? वर्डमध्ये कोड लिहिला तर?

वेबपेज म्हणजे शेवटी साध्या मजकुराच्या फायली. एचटीएमएल पेजचा सांगाडा सांगतं, सीएसएस त्याचं रूप ठरवतं आणि जावास्क्रिप्ट त्यात हालचाल आणते. या तिन्ही फायली साध्या नोटपॅडमध्येही लिहिता येतात.

वर्डमध्ये मात्र लिहू नये. वर्ड मजकुरासोबत फॉन्ट, रंग, समास अशी माहितीही फायलीत साठवतो. शिवाय सरळ अवतरणचिन्हांची परस्पर वळणदार चिन्हं करून टाकतो. आपल्याला ती सुंदर वाटतात, ब्राउझरला कळत नाहीत.

मग नोटपॅडच का नको? मराठीपुरतं बोलायचं तर जुन्या विंडोजमधलं नोटपॅड फाइल 'एएनएसआय' या जुन्या पद्धतीने सेव्ह करायचं. त्यात देवनागरीला जागाच नव्हती. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून सेव्ह केलं की सगळ्या मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं व्हायची. २०१९ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ वापरतं. पण रंगीत कोड, चुकांची सूचना, अर्धा शब्द टाकला की पुढचा सुचवणं या सोयी त्यात नाहीत. त्या मिळतात कोड एडिटरमध्ये. आणि चांगला कोड एडिटर आपल्या गरजेप्रमाणे पाहिजे तसा बदलता येतो.

कोणता एडिटर घ्यायचा?

सध्या सर्वांत जास्त वापरला जाणारा एडिटर आहे मायक्रोसॉफ्टचा 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड', म्हणजेच व्हीएस कोड. २०१५ मध्ये तो जाहीर झाला आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. 'स्टॅक ओव्हरफ्लो'च्या २०२४ च्या सर्वेक्षणात जवळपास तीन चतुर्थांश डेव्हलपरनी आपण तो वापरत असल्याचं सांगितलं. तो फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो.

पण तो एकमेव नाही.

नोटपॅड प्लस प्लस: २००३ पासून असलेला, फक्त विंडोजवर चालणारा आणि अतिशय हलका. जुन्या, कमी रॅमच्या संगणकासाठी हा उत्तम. मेनूच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे.

सब्लाइम टेक्स्ट: २००८ पासूनचा, वेगासाठी प्रसिद्ध. वापरून बघायला फुकट, पण कायम वापरायचा तर परवाना विकत घ्यावा लागतो.

व्हिम: १९९१ पासूनचा, माउसशिवाय चालणारा. शिकायला वेळ लागतो, पण एकदा हाताला बसला की सुटत नाही.

व्हीएससोडियम: व्हीएस कोडच्याच खुल्या सोर्स कोडपासून बनवलेली आवृत्ती. यात वापराची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवणारा भाग बंद असतो.

ॲटम हे नाव जुन्या व्हिडिओंमध्ये अजूनही ऐकू येतं. गिटहबने २०१४ मध्ये आणलेला हा एडिटर एकेकाळी फार लोकप्रिय होता. १५ डिसेंबर २०२२ ला त्याचा प्रकल्प अधिकृतपणे बंद झाला. त्यामुळे आज नव्याने ॲटम टाकू नका. गंमत म्हणजे ॲटमसाठी तयार झालेल्या 'इलेक्ट्रॉन' या तंत्रावरच व्हीएस कोड उभा आहे.

संगणकच नसेल तर? अँड्रॉइड फोनवर 'एकोड'सारखे एडिटर आहेत. त्यात एचटीएमएल लिहून तिथल्या तिथे पेज बघता येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर व्हीएस कोडची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही आहे. ती २०२१ मध्ये सुरू झाली.

पुढची माहिती व्हीएस कोडला धरून आहे. तत्त्व मात्र सगळीकडे तेच. सेटिंग्जची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये शोधताना ती इंग्रजीत टाकायची.

इन्स्टॉल करताना काय बघायचं?

आधी संगणक बघा. कंपनीच्या म्हणण्यानुसार १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १ जीबी रॅम पुरते. प्रत्यक्षात ब्राउझर आणि एडिटर एकत्र उघडे ठेवायचे तर ४ जीबी रॅम असलेली बरी. विंडोज ७ वर नवी आवृत्ती चालत नाही. तिथे १.७० ही शेवटची मालिका. अशा संगणकावर नोटपॅड प्लस प्लस जास्त सुखाचा.

डाउनलोड फक्त अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. विंडोजसाठी 'युझर इन्स्टॉलर' आणि 'सिस्टीम इन्स्टॉलर' असे दोन प्रकार दिसतात. युझर इन्स्टॉलरला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही.

अजून एक सोय फार कमी जणांना ठाऊक असते. झिप फाइल उतरवून उघडली आणि त्या फोल्डरमध्ये 'डेटा' या नावाचं इंग्रजीत लिहिलेलं रिकामं फोल्डर बनवलं की एडिटर 'पोर्टेबल' होतो. म्हणजे सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन सगळं त्याच फोल्डरमध्ये राहतं. पेन ड्राइव्हवर घ्या, घरच्या संगणकावर चालवा, लॅबमध्येही चालवा. ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही, त्याच्यासाठी ही सोय लाखमोलाची.

पहिल्या दहा मिनिटांत कोणती सेटिंग्ज?

दोन शॉर्टकट आधी पाठ करा. 'कंट्रोल + स्वल्पविराम' दाबलं की सेटिंग्ज उघडतात. 'कंट्रोल + शिफ्ट + पी' दाबलं की आज्ञांची पेटी उघडते. एडिटरमधलं जवळपास प्रत्येक काम या पेटीत नाव टाकून करता येतं. मेनू धुंडाळत बसावं लागत नाही.

आता सेटिंग्जमध्ये या गोष्टी शोधा:

ऑटो सेव्ह: चालू करा. वीज गेली तरी लिहिलेलं वाचतं. लोडशेडिंग अनुभवलेल्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

वर्ड रॅप: चालू करा. मराठी परिच्छेद लांब असतात. हे बंद असेल तर ओळ उजवीकडे पळतच राहते. 'ऑल्ट + झेड' दाबूनही हे चालू-बंद होतं.

फॉन्ट साइज: नेहमीचा १४ इंग्रजी कोडला ठीक आहे. देवनागरीत वेलांट्या, रफार, उकार बारीक दिसतात. १६ ते १८ ठेवा.

फॉरमॅट ऑन सेव्ह: चालू केलं की सेव्ह करताना कोड आपोआप नीट मांडला जातो.

लिंक्ड एडिटिंग: एचटीएमएलमध्ये सुरुवातीचा टॅग बदलला की शेवटचाही आपोआप बदलतो.

टेलिमेट्री: आपल्या वापराची माहिती कंपनीकडे जाऊ नये असं वाटत असेल तर ही 'ऑफ' करा.

एआयच्या सोयी: नव्या आवृत्त्यांत कोपायलट हा मदतनीस समोरच दिसतो. तो सेटिंग्जमधून बंद करता येतो. नवीन शिकणाऱ्याने पहिलं पेज स्वतः लिहावं. नंतर मदत घेतली तर तो काय सांगतोय ते कळतं तरी.

थीम कोणतीही लावा. 'कंट्रोल + के' आणि लगेच 'कंट्रोल + टी' दाबलं की यादी येते. भर दुपारी उजेडाच्या खोलीत डार्क थीम डोळ्यांना जड जाते, एवढं लक्षात ठेवा.

एक्स्टेन्शन किती टाकायची?

एक्स्टेन्शन म्हणजे एडिटरला जोडायचे जास्तीचे भाग. नवखे लोक इथेच घसरतात. वीस-पंचवीस एक्स्टेन्शन टाकतात आणि मग 'लॅपटॉप हँग होतो' म्हणतात.

जुन्या व्हिडिओत सांगितलेली कित्येक एक्स्टेन्शन आज लागतच नाहीत. कंसांच्या जोड्या रंगवणारं एक्स्टेन्शन एकेकाळी सगळे टाकायचे. २०२१ पासून ती सोय एडिटरमध्येच आहे. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टची मांडणी नीट करणारा फॉरमॅटरही आत असतोच. 'प्रेटिअर' हे एक्स्टेन्शन टीममध्ये काम करताना उपयोगी पडतं, एकट्याला नसलं तरी चालतं.

सुरुवातीला एक मात्र टाकाच, 'लाइव्ह सर्व्हर'. ऋत्विक डे यांनी बनवलेलं हे एक्स्टेन्शन कोट्यवधी वेळा उतरवलं गेलंय. ते तुमच्याच संगणकावर छोटा सर्व्हर सुरू करतं आणि फाइल सेव्ह करताच ब्राउझरमधलं पेज आपोआप ताजं होतं. पत्ता असतो १२७.०.०.१ आणि पोर्ट ५५००. हा पत्ता म्हणजे तुमचाच संगणक. म्हणजे यासाठी इंटरनेट लागत नाही, डेटा पॅक संपला तरी काम थांबत नाही.

एक्स्टेन्शन टाकताना बनवणाऱ्याचं नाव, डाउनलोडची संख्या आणि शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा. एक्स्टेन्शनला तुमच्या फायली वाचता येतात. त्यामुळे नाव ओळखीचं पण बनवणारा अनोळखी असेल तर लांब राहा.

आता मुख्य मुद्दा: मराठी

इथपर्यंतची माहिती कुठेही मिळेल. मराठी पेज नीट दिसणार की नाही, हे ठरतं पुढच्या गोष्टींवर.

पहिली गोष्ट, यूटीएफ-८. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. कोणत्या अक्षराला कोणता आकडा हे युनिकोड ठरवतं आणि तो आकडा फायलीत कसा साठवायचा हे यूटीएफ-८ सांगतं. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. ब्राउझरने हे बाइट चुकीच्या पद्धतीने वाचले की एका मराठी अक्षराच्या जागी दोन-तीन भलतीच चिन्हं दिसतात. खिचडी होते ती इथे.

उपाय दोन. एडिटरच्या तळाशी उजवीकडे 'यूटीएफ-८' लिहिलेलं आहे ना, ते बघा. नसेल तर त्यावर क्लिक करून त्याच पद्धतीने सेव्ह करा. आणि एचटीएमएलच्या डोक्यात, म्हणजे 'हेड'मध्ये, कॅरॅक्टर सेट सांगणारा मेटा टॅग टाका. हा टॅग फायलीच्या पहिल्या १०२४ बाइटमध्येच असावा लागतो. मराठी अक्षरं प्रत्येकी ३ बाइट खातात. म्हणून लांबलचक मराठी शीर्षक आणि वर्णन आधी टाकून हा टॅग खाली ढकलू नका.

दुसरी गोष्ट, पेजची भाषा. व्हीएस कोडमध्ये रिकाम्या एचटीएमएल फायलीत उद्गारचिन्ह टाकून 'टॅब' दाबलं की अख्खा सांगाडा तयार होतो. ही किमया 'एमेट' या आतच असलेल्या सोयीची. मेटा टॅगही त्यात आपोआप येतो. पण त्या सांगाड्यात पेजची भाषा 'ईएन', म्हणजे इंग्रजी, अशी लिहिलेली असते. हजारो मराठी पेजेस 'मी इंग्रजी आहे' असं ब्राउझरला सांगत फिरतात, कारण कुणी ती दोन अक्षरं बदललीच नाहीत.

त्याने काय बिघडतं? अंधांसाठी पेज वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जाऊ शकतो. आणि अक्षरांचं वळणही बदलतं. मराठीतला पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हिंदीच्या वळणापेक्षा वेगळे आहेत. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. पेजची भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, असं सांगितलं तरच ते मराठी रूप निवडतात.

दर वेळी हाताने बदलण्यापेक्षा सेटिंग्जमध्ये 'एमेट व्हेरिएबल्स' शोधा आणि तिथे 'लँग'ची किंमत 'एमआर' करून टाका. यापुढे उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबलं की पेज जन्मतःच मराठी असेल. एडिटर आपल्यासारखा करून घेणं म्हणतात ते हेच.

केळापूरसारख्या तालुक्यात हा मुद्दा मराठीपुरता थांबत नाही. इथे गोंड आणि कोलाम समाजाची मोठी वस्ती आहे. पेजवर गोंडीतला एखादा परिच्छेद असेल तर तेवढ्या परिच्छेदाला गोंडीचा 'जीओएन' हा वेगळा भाषाकोड देता येतो. देवनागरीत लिहिली म्हणजे ती मराठी होत नाही.

तिसरी गोष्ट, कीबोर्ड. कोड लिहायचा रोमन लिपीत आणि मजकूर मराठीत, म्हणजे सारखी अदलाबदल आली. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि २०१९ पासून 'मराठी फोनेटिक' असे दोन्ही कीबोर्ड फुकट मिळतात. 'विंडोज + स्पेस' दाबलं की भाषा बदलते.

अदलाबदल विसरली की मात्र गंमत होते. सीएसएसमध्ये कोलनच्या जागी विसर्ग पडतो. दोन्ही दिसायला सारखेच, पण ब्राउझर तो नियम गुपचूप सोडून देतो. अशा फसव्या किंवा न दिसणाऱ्या अक्षरांभोवती चौकट काढून सावध करायची सोय व्हीएस कोडमध्ये २०२१ पासून आहे. चौकट दिसली की दुर्लक्ष करू नका, माउस नेऊन कारण वाचा.

'शेतकऱ्या' का सापडत नाही?

मराठीतला अर्धा 'ऱ' दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकासाठी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत.

म्हणून मजकूर एकाने एका कीबोर्डवर टाइप केला आणि दुसऱ्याने वेगळ्या कीबोर्डवर शोधला, तर 'शेतकऱ्या', 'वाऱ्या', 'तऱ्हा' असे शब्द समोर दिसत असूनही सापडत नाहीत. उपाय सोपा आहे. पूर्ण प्रकल्पात एकच पद्धत ठेवा. पहिली पद्धत बरी, कारण तिच्यात न दिसणारं काही नसतं. दुसऱ्याकडून आलेला मजकूर असेल तर 'कंट्रोल + एच'ने आधी सगळीकडे बदलून घ्या.

आकड्यांचंही तसंच. जावास्क्रिप्टमध्ये 'भाव' नावाचं मराठी व्हेरिएबल चालतं. सीएसएसमध्ये मराठी क्लासही चालतो. पण '७०००' हा देवनागरी आकडा चालत नाही. एखाद्या फॉर्ममध्ये शेतकऱ्याने कापसाचा भाव देवनागरी अंकात टाकला, तर जावास्क्रिप्टला तो आकडा वाटतच नाही. हिशेब करण्याआधी तो रोमन अंकांत बदलून घ्यावा लागतो. दाखवताना मात्र भाषा 'एमआर-आयएन' सांगितली की जावास्क्रिप्ट आपणहून '१,२५,०००' असं, आपल्या लाखाच्या स्वल्पविरामासह, देवनागरीत दाखवतं.

अक्षरमोजणीतही गंमत आहे. 'केळापूर' ही आपल्यासाठी चार अक्षरं: के, ळा, पू, र. जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारली तर उत्तर येतं ७, कारण काना, मात्रा, उकार वेगळे मोजले जातात. आणि फायलीत हा शब्द घेतो २१ बाइट. 'नाव १० अक्षरांपेक्षा मोठं नको' अशी अट फॉर्मला घातली की मराठी नावं मधेच का तुटतात, ते इथे कळतं.

फाइलचं नाव मात्र रोमनमध्येच ठेवा. 'टिपेश्वर' असं मराठी नाव चालतं, पण लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की त्या एका शब्दाच्या जागी टक्के-चिन्हांनी भरलेली ७२ चिन्हांची माळ दिसू शकते. अशी लिंक बघून लोक फसवणुकीचा संशय घेतात.

डीटीपीवाल्याचा मजकूर आला तर?

गावातल्या प्रिंटिंग प्रेसमधून किंवा जुन्या पत्रिकेतून मजकूर मिळतो. एडिटरमध्ये चिकटवला की त्याची इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ होते. फाइल बिघडलेली नसते. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट काढला की मराठी गायब. असा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून, एकदा नजरेखालून घालूनच वापरायचा. जोडाक्षरं आणि रफार यात हमखास चुका राहतात.

फॉन्ट कोणता लावायचा?

विंडोजमध्ये 'निर्मला यूआय' आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'नोटो' हे देवनागरी फॉन्ट आधीच असतात. सीएसएसमध्ये हीच नावं दिली तर काहीच डाउनलोड होत नाही आणि कमी रेंजमध्येही पेज पटकन उघडतं. वेगळं रूप हवं असेल तर मुंबईच्या 'एक टाइप'ने बनवलेले 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट फुकट आणि खुले आहेत.

दोन सूचना फक्त देवनागरीसाठी. ओळींमधलं अंतर फॉन्टच्या १.६ पट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना धडकतात. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवणारा 'लेटर स्पेसिंग' हा गुणधर्म मराठीला लावूच नका. इंग्रजी शीर्षकात तो रुबाबदार दिसतो. मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्द मोडल्यासारखा वाटतो.

झालं? मग आता तपासा

लाइव्ह सर्व्हरवर पेज उघडा. ब्राउझरमध्ये 'एफ १२' आणि मग 'कंट्रोल + शिफ्ट + एम' दाबलं की तेच पेज मोबाइलच्या आकारात दिसतं. मग हा एक परिच्छेद टाकून बघा: "टिपेश्वर अभयारण्याचं क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. रेडिओ कॉलर लावलेला इथला एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि तेलंगणातून फिरत थेट बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ऱ्हस्व, दीर्घ, श्री, लक्ष, कृपा, शेतकऱ्यांसाठी."

शेवटचे शब्द मुद्दाम दिले आहेत. रफार, जोडाक्षर, ऋकार, अर्धा ऱ, ल आणि श हे सगळं त्यात येतं. इथे सगळं नीट दिसलं, शोधल्यावर सापडलं, म्हणजे एडिटर तयार आहे.

आता शेवटचं काम. सेटिंग्ज एका साध्या फायलीत साठवलेली असतात. आज्ञांच्या पेटीत 'युझर सेटिंग्ज जेसन' शोधलं की ती उघडते. तिची एक प्रत स्वतःकडे ठेवा. गिटहब किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने 'सेटिंग्ज सिंक' चालू केलं तरी चालेल. ॲटमचं काय झालं ते आपण वर पाहिलंच. उद्या व्हीएस कोडचंही तसं होऊ शकतं. पण यूटीएफ-८ मध्ये नीट लिहिलेली फाइल आणि 'मी मराठी आहे' असं सांगणारं पेज कोणत्याही एडिटरमध्ये, कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडतं.

पेज तयार झालं की गिटहब पेजेससारख्या सेवेवर ते फुकट टाकता येतं. मग महामार्गावरून येणारा पाहुणा मोबाइलवर 'केळापूर' शोधेल, तेव्हा त्याला उतरायचं कुठे, ते तालुक्यातल्याच कुणीतरी स्वच्छ मराठीत सांगितलेलं असेल.